आवश्यक आणि इष्ट

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, पेशाने विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक आणि गेली काही वर्षे आमच्या महाविद्यालयाचा अधिष्ठाता, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शेवटचे म्हणतो, पण पहिलेही हेच. याआधी लिहायला म्हणून कितीदा तरी बसलो आणि ‘बघू’ म्हणून उठलो.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे माझे मत नव्हे; शेजारचे डॉक्टर तसे लिहून द्यायला तयार आहेत. पत्नीला विचारले तर ती म्हणाली, ‘शाबूत असणारच, फारशी वापरलीत कुठे?’ ती दातांची डॉक्टर असल्यामुळे तिचा शेरा या कामी ग्राह्य धरला जाणार नाही, असे वकिलांनी कळवले आहे.

हा कागद मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. अधिष्ठाता झाल्यापासून असा कागद बहुधा हा पहिलाच.

लिहिण्याचे निमित्त: सोमवारी सकाळी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जननी कागदावर आकृती काढून दाखवली, अडथळा कुठे आहे आणि नवी वाहिनी कुठून कुठे जोडणार. मी म्हटले, ‘म्हणजे दुसऱ्या फीडरवरून पुरवठा.’ ते म्हणाले, ‘काय?’ तिथे आमचे बोलणे संपले.

कलम १. राहते घर, तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यासह, सर्वस्वी पत्नीचे. त्यावर अन्य कोणाचा हक्क, हितसंबंध वा तक्रार चालणार नाही. घरातली वायरिंग मी स्वतः केलेली आहे, याची मात्र वाचणाऱ्याने नोंद घ्यावी. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणे आहेत. वरचे बटण बंद असले तर खालच्याने दिवा लागतो, वरचे चालू असले तर दोन्हीकडून लागत नाही. ‘हे प्राध्यापकांचं घर,’ असे म्हणून पत्नी ती बटणे पेशंटना दाखवते. त्यांची भीती कमी होते म्हणे. माझ्या पश्चात ते दुरुस्त करून घ्यावे. येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मी काय शिकवत होतो ते सांगू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक, ठेवी व निवृत्तीनंतर मिळणारी सर्व रक्कम पत्नी आणि मुलगी यांना समान. दोघींमध्ये यावरून भांडण होणार नाही. दोघींची भांडणे माझ्यावरून होतात, पैशांवरून नाही.

कलम ३. थोरल्या भावाने एका दुपारपुरते म्हणून नेलेले ड्रिल मशीन आता त्याचेच समजावे. हे त्याला कळवले की तो ते परत आणून देण्याची शक्यता आहे, घेऊ नये. त्याच भावाला वडिलांची मापाची टेप द्यावी. वडील कपडे शिवायचे, दुकान पुढे भावाने चालवले, आणि माझ्या पदवीदानाचा कोट त्यानेच शिवला. टेप मी हट्टाने मागून घेतली होती, आठवण म्हणून. खरे तर ती त्याच्याकडेच हवी होती. त्याने तिने माणसे मोजली असती. मी काय मोजले ते कलम सहामध्ये येईल.

कलम ४. अंत्यविधी विद्युतदाहिनीत करावा. तिथले काम माझ्याच कोणा विद्यार्थ्याने केलेले असणार, तेव्हा नातेवाइकांनी दोन पावले लांब उभे राहावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर सध्याच्या विभागप्रमुखांना बोलू देऊ नये. त्यांना विभागात ‘वार्षिक अहवाल’ म्हणतात. ते माझ्याबद्दल म्हणून उभे राहतील आणि त्यांच्या पेटंटवर येऊन बसतील.

कलम ५. पुस्तके, कागदपत्रे आणि कारकीर्द.

पुस्तके विभागाच्या ग्रंथालयाला. कागदपत्रे रद्दीला. कारकिर्दीचे काय करावे ते कळत नाही, म्हणून नुसती नोंदवून ठेवतो.

मी शिकवायला लागलो तेव्हा मला यंत्रे आवडत. हे सांगायलाच हवे, कारण पुढचे वाचून कोणाला ते खरे वाटणार नाही. मोटर सुरू झाली की तिच्या अंगाला हात लावून मी सांगायचो, बेअरिंग गेलेय की वेटोळे तापतेय. माझी डॉक्टरेट मोटरच्या संरक्षणावर आहे. आत बिघाड झाला की क्षणात ओळखून पुरवठा तोडणारा रिले मी तयार केला आणि नाव कमावले. चटकन निर्णय घेणारी वस्तू घडवल्याबद्दल मला बढत्या मिळत गेल्या आणि मी स्वतः मात्र त्यानंतर एकही निर्णय चटकन घेतला नाही.

व्याख्याता होतो तोवर वर्गात होतो. पुढच्या बढतीला व्हरांड्यात आलो, त्याच्या पुढच्या बढतीला केबिनमध्ये, आणि अधिष्ठाता झाल्यावर केबिनच्या दारावर लाल दिवा लागला. तो दिवा लागला की मी कामात आहे असे बाहेरच्यांनी समजायचे. आत मी तो किती वेळ लावून ठेवावा याचा विचार करत बसायचो. शेवटच्या काही शोधनिबंधांत माझे नाव आहे, मी नाही. विद्यार्थी मला ‘बघूसर’ म्हणतात, हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

एक प्रसंग नोंदवतो. एकदा बाहेरून तपासणी समिती येणार होती. मी हुकूम काढला, यंत्र-प्रयोगशाळेतल्या सगळ्या मोटरी एकाच रंगात रंगवून घ्याव्यात. रंगाऱ्याने रंगवल्या, पाट्यांसकट. मोटरीवरची धातूची पाटी म्हणजे तिचा जन्मदाखला. किती व्होल्ट, किती अँपिअर, किती फेरे, सगळे तिच्यावर कोरलेले असते. आमच्या मोटरी निळ्याशार झाल्या आणि बेवारस झाल्या. समितीला फार आवडल्या. अहवालात ‘प्रयोगशाळा नेत्रसुखद’ असे वाक्य आले, ते मी माझ्या पुढच्या तीन भाषणांत वापरले. मुलांना मात्र कुठल्या मोटरीला किती पुरवठा द्यायचा ते कळेना. मग भर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक बाई थिनरची बाटली आणि चिंध्या घेऊन जमिनीवर बसल्या आणि एकेक पाटी पुसून वाचती केली. त्या वेळी त्या आमच्या नोकरीत नव्हत्या. सुट्टीत आम्ही त्यांना काढून टाकलेले असते.

या बाईंना मुले ‘अर्थिंगबाई’ म्हणतात. कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘अर्थिंग तपासलं?’ नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुणे बटण दाबणार, एवढ्यात मागच्या रांगेतून तोच प्रश्न आला. पाहुण्यांनी बोट मागे घेतले. तपासले नव्हते.

ती माझीच विद्यार्थिनी. एरवी मी तिला ‘अगं’ म्हणतो, समितीपुढे ‘मॅडम’. यंत्र-प्रयोगशाळा ती चालवते. आणि ती हंगामी आहे. हंगाम कुठला ते कोणी ठरवलेले नाही. तिचे केस पिकायला लागले तरी हंगाम चालू आहे. दर उन्हाळ्यात तिची नेमणूक संपवायची, थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि नव्याने नेमायचे, म्हणजे नोकरी सलग धरली जात नाही आणि कायम करा म्हणायचा हक्क उरत नाही. याला आमच्याकडे ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. त्या कागदावर सही माझी असते. पहिल्यांदा सही करताना मी तिला समोर बसवून चार गोड शब्द बोललो होतो. पुढे कागद शिपायाबरोबर पाठवायला लागलो.

‘वाईट वाटून घेऊ नका सर,’ एकदा तीच म्हणाली. ‘आपण एसी करंट आहोत असं मी समजते. अधूनमधून शून्यावरून जावंच लागतं.’

मी मोठ्याने हसलो. नंतर हा विनोद मी एका परिषदेत स्वतःचा म्हणून सांगितला.

कलम ६. जाहिरात.

यंदा विभागात एक जागा मंजूर झाली. एकच, पण कायम. अर्थिंगबाई केबिनमध्ये आली, बसली नाही, टेबलाच्या कडेला बोट टेकवून म्हणाली, ‘आता तरी ना, सर?’

मी म्हणालो, ‘बघू.’

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. ती, जावई आणि नात परदेशात असतात. जावई आमच्याच विषयातला. गाडीच्या बॅटरीतली वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरवर त्याचे संशोधन आहे आणि चांगले आहे. तो माणूसही चांगला आहे. इथेच सगळी अडचण झाली. नालायक असता तर मला नाही म्हणणे सोपे गेले असते.

‘बाबा, जागा निघतेय म्हणे तुमच्याकडे,’ मुलगी म्हणाली. ‘त्याला सांगू का?’

‘बघू,’ मी म्हणालो.

‘तुमची नात काय म्हणते माहितेय? शाळेत विचारलं, आजोबा कुठे राहतात. तर म्हणे, फोनमध्ये.’

मुलीने एवढेच सांगितले. ‘तुम्ही काहीतरी करा’ असे ती म्हणाली नाही, आजवर कधी म्हणालेली नाही. पण आयुष्यभर ‘बघू’ म्हणून न बघणारा मी या वेळी खरोखर बघायला गेलो.

जाहिरातीत पात्रतेचे दोन मथळे असतात. ‘आवश्यक’ म्हणजे जे नसेल तर अर्ज उघडायच्या आत बाजूला. ‘इष्ट’ म्हणजे असले तर छान, नसले तर कोणाचे काही अडत नाही. विभागाने पाठवलेल्या मसुद्यात यंत्र-प्रयोगशाळा चालवण्याचा दीर्घ अनुभव ‘आवश्यक’ होता आणि इन्व्हर्टरमधले संशोधन ‘इष्ट’. मी त्या दोन ओळी उचलल्या आणि एकमेकींच्या जागी ठेवल्या. एकही अक्षर खोटे लिहिले नाही. ही कला आमच्या क्षेत्रात सगळ्यांना येते. माणूस आधी ठरतो, मग त्याच्या मापाची जाहिरात बेततात. वडील गिऱ्हाइकाला समोर उभे करून माप घ्यायचे. माझे गिऱ्हाईक परदेशात होते, तरी सदरा असा बसला की कुठे सुरकुती नाही.

त्या एका अदलाबदलीने अर्थिंगबाई दारातच बाद झाली. तिची सगळी वर्षे इष्ट झाली.

जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर विभागात सगळ्यांना कळले. आमच्याकडे एखादी गोष्ट सगळ्यांना कळली की ती गुप्त समजली जाते. कोणी काही बोलले नाही. तीही बोलली नाही. दुपारच्या चहाला तिने नेहमीसारखे विचारले, ‘सर, साखर?’ मी नको म्हणालो. मला साखरेचा काही त्रास नाही. तिच्या हातून घ्यायला कसेसे झाले, इतकेच. तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितो आणि विभागाला वाटते की हृदयामुळे.

अर्जांची मुदत सोमवारी संपते. तोवर जाहिरातीतली चूक शुद्धिपत्रक काढून सुधारता येते. मग मुदत आपोआप वाढते. तो अधिकार अधिष्ठात्याचा. सोमवारी अधिष्ठाता टेबलावर असेल, पण वेगळ्या.

कलम ७. माझी मोजमापाची सर्व उपकरणे, म्हणजे लाकडी पेटीतला वॉटमीटर, मल्टीमीटर, ऑसिलोस्कोप आणि मी स्वतः जुळवलेला पहिला रिले, तसेच ठेवींपैकी एक हिस्सा, अर्थिंगबाईंना द्यावा, त्यांच्या दीर्घ व निष्ठापूर्वक सेवेची कृतज्ञ दखल म्हणून.

हे कलम रद्द. खोडले असले तरी वाचता यावे असे खोडले आहे. लिहून झाल्यावर मला फार हलके वाटले होते. तेव्हाच संशय यायला हवा होता.

कलम ८. कलम ७ रद्द होण्याचे कारण.

काल, शनिवारी दुपारी, अर्थिंगबाई घरी आली. मी रजेवर असताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकडे राहतील त्या कागदावर तिला माझी सही हवी होती. मी जेवणाच्या टेबलावर याच मृत्युपत्राचा मसुदा पसरून बसलो होतो. त्यावर वकिलांनी टाइप करून दिलेल्या सूचना होत्या. किल्ल्यांच्या कागदावर सही केली आणि मसुद्यातले सातवे कलम तिच्यापुढे सरकवले.

‘वाच. तुझ्यासाठी आहे.’

तिने उभ्यानेच वाचले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. मग वकिलांच्या सूचना उचलून त्याही वाचल्या.

‘साक्षीदार दोन लागतात, सर.’

‘हो. एक शेजारचे डॉक्टर.’

‘आणि दुसरा?’

‘बघू. मिळेल कुणीतरी.’

‘मी होते.’

‘अगं, तुला नाही होता येणार. त्यात लिहिलंय बघ. ज्याला काही द्यायचं असतं त्याने साक्षीला सही करायची नसते. केलीच, तर त्याला मिळणारं सगळं बाद होतं.’

‘वाचलं मी,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर होते म्हणाले.’

खाली दवाखान्यात पाणी बंद केल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पत्नी हात पुसत वर आली.

‘वॉटमीटर नको तुला?’ मी विचारले.

‘हवाय की. तसा आता मिळतो कुठे? पण सर, तुम्ही गेल्यावर मला मीटर, आणि तुम्ही आहात तोवर?’ तिने कागद टेबलावर ठेवून कडेशी नीट जुळवला. ‘जाहिरात वाचली मी. छान बेतलीय. जावईबापूंना खांद्यात थोडी सैल होईल, तेवढं बघा.’

‘अगं, उभ्याने कशाला यांची दाढ काढतेस?’ पत्नी म्हणाली. ‘बसून काढ. आणि कसली जाहिरात?’

सगळ्यांना माहीत होते, म्हणजे पत्नी सोडून सगळ्यांना. मी सांगायला सुरुवात केली ती ‘त्याचं असं आहे’ अशी. पत्नीने हात वर केला.

‘तू सांग गं.’

अर्थिंगबाईने दोन वाक्यांत सांगितले, एक ओळ खाली आणि एक ओळ वर. तिने त्यात माझे नाव घेतले नाही. ‘जाहिरातीत झालंय’ असे म्हणाली. पत्नी खुर्ची ओढून बसली. नात येणार म्हणून गेल्या महिन्यात तिने वरच्या खोलीत छोटा पलंग आणून ठेवला होता. नात येणार असे मीच सांगितले होते. कशी येणार ते सांगितले नव्हते.

‘म्हणजे आपली पोरगी येणार होती ती हिच्या जागेवर,’ ती म्हणाली.

‘जागा कुणाची नसते. निवड समिती...’

‘अहो, मी तोंड उघडा म्हटलं की दिवसभर लोक उघडतात. तुम्ही तेवढे मिटता. हो की नाही?’

‘हो.’

‘मला विचारायचं होतंत. मला पोरगी हवीय. रोज हवीय, झोपेतसुद्धा हवीय. पण हिला रस्त्यात बघितलं की मी कुठल्या बाजूला वळणार होते?’

मग अर्थिंगबाई बसली. माझ्या घरात ती पहिल्यांदा बसली असेल.

‘मला जागा द्या असं मी म्हणतच नाही, सर,’ ती म्हणाली. ‘ते माझ्याहून हुशार असतील. मुलाखतीत हरवू देत मला, घरी जाऊन रडेन आणि दुसऱ्या दिवशी कामावर येईन. पण मला आत तर येऊ द्या. इतकी वर्षं मी इष्टच आहे. प्रयोगशाळेला इष्ट, तुम्हाला इष्ट, वेळापत्रक भरायला इष्ट. एकदा आवश्यक म्हणून तरी हरेन.’

‘शस्त्रक्रिया होऊ दे,’ मी म्हणालो. ‘मग आपण...’

‘बघू?’ पत्नीने विचारले.

मी फोन उचलला.

कलम ९. त्यानंतरची कार्यवाही.

पहिला फोन कुलसचिवांना. सगळ्या जाहिराती त्यांच्या सहीने निघतात आणि कुठल्याही गोष्टीसाठी त्यांच्याकडे तयार नमुना असतो. मी सांगितले, शुद्धिपत्रक काढायचे आहे, आजच, दोन ओळी जागेवर परत न्यायच्या आहेत.

‘काढू ना साहेब, त्यात काय. नमुना आहेच. “टंकलेखनातील चुकीमुळे” असं घालतो.’

आमच्या महाविद्यालयात आजवर एकही चूक माणसाने केलेली नाही. सगळ्या टंकलेखनाने केल्या आहेत. टंकलेखन करणारी मुलगी दोनदा बदलली, तरी चुका थांबल्या नाहीत.

‘टंकलेखनातली नाही,’ मी म्हणालो. ‘माझी आहे.’

‘म्हणजे लक्षात आलं साहेब, पण लिहायचं काय?’

‘अधिष्ठात्यांच्या चुकीमुळे.’

‘तसा नमुना नाही आपल्याकडे.’

‘आता करा.’

‘साहेब, शस्त्रक्रियेआधी माणूस जरा हळवा होतो. सोमवारपर्यंत थांबू या का?’

‘सोमवारी मी शुद्धीवर नसेन. तेव्हा मला न विचारता “टंकलेखन” घालाल.’

ते हसले, मग हसायचे थांबले. मी आणखी एक सांगितले: निवड समितीतून माझे नाव काढावे, आणि कारण लिहावे, संभाव्य उमेदवारांपैकी एक जावई. ‘हे तर सगळ्यांना माहीतच आहे, साहेब,’ ते म्हणाले. मी म्हटले, कागदाला माहीत नाही. संध्याकाळी शुद्धिपत्रक महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर लागले. त्यात ‘चुकीमुळे’च्या आधी ‘अनवधानाने झालेल्या’ असे त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातले. ते खरे नाही. माझे अवधान पुरते होते. संकेतस्थळावर दुरुस्त होईल न होईल, इथे दुरुस्त केले असे समजावे.

दुसरा फोन मुलीला. हा करताना पत्नी शेजारी बसली होती, पण तिने फोन हातात घेतला नाही.

‘म्हणजे त्याने अर्ज करायचा नाही?’ मुलीने विचारले.

‘करायचा. सगळ्यांसारखा.’

‘सगळ्यांसारखा. बाबा, मी तुम्हाला हे करा म्हणाले होते?’

‘नाही.’

‘मग आता मला असं का वाटतंय की मीच पकडली गेलेय? इथे त्याने सामान आवरायला घेतलंय. तुमच्या बघूवर आम्ही खोकी आणली, बाबा. तुम्ही बघू म्हणालात ना, की आम्ही हो समजतो. लहानपणापासून तशीच सवय लावलीत. सायकल पण तशीच आली होती.’

‘माझं चुकलं.’

‘कुठलं? आधीचं की आत्ताचं?’

तिने फोन ठेवला. जावयाचा नंतर निरोप आला: ‘बाबा, अर्ज करतो आहे. दोन्ही मथळे वाचले. प्रयोगशाळेचा अनुभव मला नाही, तसं लिहीन. तब्येतीची काळजी घ्या.’ म्हणजे आता दारात बाद होणार तो. मी आधी सांगितलेच, तो माणूस चांगला आहे. त्याने माझ्यावर ओरडायला हवे होते.

हे केले म्हणून मी सुटलो, असे कोणी समजू नये. मी तर नाहीच समजत. एक जाहिरात दुरुस्त झाली. तांत्रिक खंडाच्या सगळ्या सह्या माझ्या आहेत आणि त्यांचे शुद्धिपत्रक निघत नाही. शिवाय एका घरात खोकी भरून पडली आहेत आणि दुसऱ्या घरात छोटा पलंग रिकामा आहे. दोन्ही माझ्या हातचे काम. मला इतकेच बजावून सांगायचे आहे, की मी गेलो तर ‘मरताना बाबांनी मन मोठं केलं’ असे कोणी म्हणू नये. मन मोठे असते तर त्या दोन ओळी मुळात जागच्या हलल्या नसत्या.

निवड कोणाची होईल ते मला माहीत नाही. आणखी कोणी असेलही, अर्थिंगबाईपेक्षा सरस. माझ्या कारकिर्दीत निकाल आधी माहीत नसलेली ही पहिली मुलाखत.

कलम १०. कलम सातमधली उपकरणे यंत्र-प्रयोगशाळेला द्यावीत आणि तिथल्या सामानाच्या यादीत चढवावीत. देणगीदार म्हणून माझे नाव कुठे कोरू नये. प्रयोगशाळा चालवणारी व्यक्ती, ती जी कोणी असेल ती, वॉटमीटर रोजच्या वापरात घेईल. तो कपाटात ठेवू नये.

कलम ११. या मृत्युपत्राची व्यवस्था पत्नीने पाहावी. मुलीने पत्नीला आज सकाळी निरोप पाठवला आहे: ‘विमानात बसतेय. बाबांना सांगू नकोस.’ पत्नीने तो मला लगेच वाचून दाखवला. मुलगी पोचेल तेव्हा मी शुद्धीवर असेन किंवा नसेन. नसलो, तर तिच्या प्रश्नाचे उत्तर इथे लिहून ठेवतो. तिने विचारले होते, कुठले चुकले, आधीचे की आताचे. आधीचे. आताचे फक्त उशिरा झाले.

वरील मजकूर मी वाचला, मला कळला, आणि त्यातला बराचसा मी बदलू शकलो असतो तर बरे झाले असते, हे मान्य करून खाली सही करतो. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले, त्यांनी एकमेकांना पाहिले. या खोलीत सध्या कोणी कोणापासून काही लपवत नाही, असे तिघांचेही म्हणणे आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी.

सही: प्राध्यापक व अधिष्ठाता, विद्युत अभियांत्रिकी

साक्षीदार पहिले: सही. शेजारचे डॉक्टर. लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याचे प्रमाणित करतात. रक्तदाब थोडा जास्त आहे, असे त्यांनी कोणी न विचारता जोडले आहे.

साक्षीदार दुसऱ्या: सही. अर्थिंगबाई. या मृत्युपत्रान्वये त्यांना काहीही मिळत नाही. हुद्द्याच्या जागी त्यांनी आधी ‘हंगामी अधिव्याख्याता’ असे लिहिले होते, ते खोडून ‘अर्जदार’ असे लिहिले. खाडाखोडीवर आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत.